मागच्या खोलीतलं दान

व्हरमाँट, १४ जानेवारी १८५३

तीर्थरूप केझायामावशीस,

लोइसचे अनेक नमस्कार. थंडीत तुमचा गुडघा कसा आहे? पाद्र्याच्या घरात हिवाळ्याची बेगमी नसेल तर गुरुवारी बर्फावरची घसरगाडी पाठवते, नवऱ्याला तिथे ठेवून वसंतापर्यंत माझ्याकडे ये, असं तुम्ही लिहिलंत. उत्तर लांबवलं, कारण काल आमच्याकडे देणग्यांची मेजवानी होती. यांचा पाद्रीपणाचा अर्धा पगार गावाकडून असा वस्तूंतच मिळतो, तेव्हा जायचं की राहायचं ते त्यावरच ठरणार होतं.

चाळीस माणसं आली. रीतीप्रमाणे आणलेलं सगळं मागच्या खोलीत गेलं. पाहुणे जाईपर्यंत यजमानणीने तिकडे बघायचं नसतं. मी बघितलं नाही. (एकदा त्या दारावरची धूळ पुसली. ते बघण्यात धरतात का?) तोवर मंडळींनी माझं खारवलेलं मांस, दोन चीज आणि मार्चपर्यंतचा मैदा फस्त केला.

पाहुण्यांतली ऑर्फा म्हणाली, "मी यंदा घरचं डोनेट केलंय."

म्हातारे जोथामकाका भडकले. "डोनेट! कुठून आणता ही नवी खुळं? आमचा बाप नुसता द्यायचा!"

"आणि तुम्ही काय आणलंत, काका?" ऑर्फाने विचारलं.

"भूक आणलीय. वाढ!"

(माहेरी शाळेत गेलेली पहिली मी, म्हणून शब्द अडला की सगळे माझ्याकडे बघतात. मी यांच्याकडे बघितलं.) मग यांनी सांगितलं, 'डोनेशन' जुनंच, मूळ लॅटिन, आपल्या लोकांनी त्याचं शेपूट छाटून 'डोनेट' केलं आणि कामाला जुंपलं. यांचे एक मित्र हिंदुस्थानात धर्मकार्याला गेलेत. ते लिहितात, तिकडे देण्याला 'दान' म्हणतात, आणि दोन्हींचं मूळ एकच. किटली हातात धरून मी उभीच राहिले. बाहेर बर्फ पडत होतं. वाटलं, फार पूर्वी कुणीतरी ओंजळ पुढे केली असेल, ती करताना तोंडातून निघालेला आवाज चालत चालत अर्धा त्या उन्हात गेला आणि अर्धा आमच्या या स्वयंपाकघरात आला. चहा जोथामकाकांच्या बुटात गेला तेव्हा भानावर आले.

पाहुणे गेल्यावर दार उघडलं. वाळवलेल्या सफरचंदांची आठ पोती आणि टाचण्या खोचून ठेवायच्या चौदा चिमुकल्या गाद्या. सरपण नाही, मैदा नाही. यांनी आपला कोट माझ्या खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "गुरुवारी जा, लोइस." मग आम्ही सफरचंदं चघळत बसलो.

तुमची,
लोइस

ता.क. मी येत नाही. घसरगाडी पाठवू नका.

ता.क. दुसरा. हे पत्र पोचेपर्यंत तिला घोडे जुंपलेच असतील, तर सोडू नका. माझ्या जागी सरपण आणि मैदा बसवा.

ता.क. तिसरा. याला डोनेट म्हणू नका. जोथामकाका शेजारीच राहतात.