सतरा बायांचा एकच मोबाईल

मोताळा,
रविवार

माह्या पाठच्या भावाले, शंकररावले, ताईचा जयभीम.

इकडे गुडघा सोडून सारं बरं आहे. तुहा खोकला कसा आहे? अडुळशाचा काढा पेतो का तसाच खिडकीत ठेवला? फोन केला असता, पण तुहा नंबर म्हणजे शेजारच्या उकंडरावचा, अन् तो मोबाईल कानाले न लावता स्पीकरवर लावते. घरची गोष्ट साऱ्या पिंपळगाव राजाले कळते, म्हणून पत्र.

आपल्या प्रसेनजितची समता (लहानपणी तुही छत्री मोडली होती ते) आता कम्प्युटरची इंजिनिअर आहे, हे तुले ठाऊक आहे. तिनं बुलढाण्याच्या एका डोळ्याच्या दवाखान्यासाठी सॉफ्टवेअर बनवलं. कोणाले मोतीबिंदू, कोणाचं ऑपरेशन कधी, मेल्यावर डोळे द्यायचं कोणी लिहून देलं, दवाखान्याचे अन् नेत्रपेढीचे सारे रजिस्टर त्या कम्प्युटरच्या पोटात. डॉक्टरीणबाई म्हणे, महिनाभर पाहू, गडबड झाली तर आपलं जुनं रजिस्टरच बरं. तवापासून पोरीचा जीव टांगणीले.

म्या म्हटलं, नातीले हातभार लावू. मोताळ्यात त्याच दवाखान्याचं डोळे तपासायचं अन् नेत्रदानाचं शिबिर लागलं, तर माह्यासकट गल्लीतल्या सतरा बाया नेल्या. (सरस्वतीबाई येत नव्हती. म्हणे, डोळे देले तर पुढच्या जन्मी आंधळी होईन. म्या म्हटलं, या जन्मी तरी कुठं दिसते तुले, काल माही बकरी आपली म्हणून बांधून ठेवली.) टेबलावरच्या बाईनं मोबाईल नंबर विचारला. आता आपल्याकडे घरचा मोबाईल माणसाच्या खिशात शेतात जाते, बाईजवळ कुठला? साऱ्याजणींनी माहा नंबर देला. मलेही गल्लीची सरपंच झाल्यासारखं वाटलं.

अन् ते सॉफ्टवेअर माणूस ओळखत होतं नंबरावरून. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईनं उघडून पाह्यलं, तर मोताळ्याची तानाबाई, म्हणजे मी एकटीच, वय एकोणतीस ते चौऱ्याऐंशी, एकवीस डोळ्यांत मोतीबिंदू, अन् नेत्रदानाले पुरे चौतीस डोळे लिहून देलेले. समताले बोलावणं आलं. मीही सोबत गेली. जुनं रजिस्टर टेबलावर काढूनच ठेवलं होतं, अन् पोरीचं तोंड एवढंसं झालं.

मग म्या तोंड उघडलं. म्हटलं, बाई, पोरीची चूक नाही. आमच्याकडची बाई नंबर उसना देते, माहेर उसनं देत नाही. तिले तिचं माहेर विचारा. डॉक्टरीणबाई हसल्या, पण समतानं तिथंच बसून कम्प्युटरात माहेराचा एक नवा खण पाडला, म्या एकेकीचं माहेर सांगितलं, अन् तासाभरात सतराही बाया वेगवेगळ्या झाल्या. सरस्वतीबाईले तिचे दोन डोळे वापस भेटले. डॉक्टरीणबाईनं रजिस्टर उचलून कपाटात टाकलं अन् म्हणे, आता महिनाभर पाहायची गरज नाही, हेच चालू द्या.

तर शंकर, आता त्या दवाखान्यात कोणतीही बाई गेली की तिले माहेर विचारतात. तो खण माहा आहे. येताना एसटीत शेजारच्या बाईले म्या सांगितलं, आम्ही दोघींनी मिळून सॉफ्टवेअर बनवलं. समता खिडकीबाहेर पाहत होती, पण नाही म्हणाली नाही.

तुही ताई,
तानाबाई

ता.क. – नेत्रदानाच्या फॉर्मवर जवळच्या एका माणसाचा नंबर लागते. मी गेली की त्यानं सहा तासांच्या आत नेत्रपेढीले फोन कराचा, नाही तर डोळे वाया. प्रसेनजित तवा रडत बसन, समताले तर काही सुधरणार नाही. म्हणून म्या तुहं नाव देलं. नंबर विचारला, तर तोंडातून उकंडरावचा निघून गेला.

आणखी ता.क. – हे समताले सांगू नको. बाजाराच्या दिवशी स्वतःचा मोबाईल घे अन् नंबर कळव. घाई नाही, मी ठणठणीत आहो. पण उकंडराव स्पीकर लावून गावाले सांगत बसला, तर सहा तास तिथंच जातीन.