पाणपोईची घंटा

३ एप्रिल, रविवार

पोहोचले. सामान लावलं, चहा केला आणि खुर्ची ओढून व्हरांड्यात बसले. सगळा जन्म शाळेत उभं राहून काढल्यावर स्वतःच्या मर्जीने बसायला मिळालेली ही पहिली खुर्ची. तिचा एक पाय आखूड आहे, पण आजच्या दिवशी तक्रार करणार नाही.

माझ्या धाकट्या भावाच्या, ईश्वरप्पाच्या, बंद पडलेल्या वॉटर पार्कमधला हा मॅनेजरचा बंगला. लातूर-उदगीर रस्त्यावर, जिथे लोकांना प्यायला घागरभर पाणी नाही, तिथे त्यांना पाण्यात उड्या मारायला लावायची अक्कल याचीच. दोन उन्हाळे चाललं. मग बोअर आटल्या आणि फाटकाला कुलूप लागलं. जागा विकायला मात्र तो तयार नाही. उदगीर जिल्हा झाला की इथेच कलेक्टरचा बंगला येणार, अक्का, तू बघच, असं गाडीत प्रत्येक फाट्याला सांगत होता. वाटेतल्या एका हॉटेलवाल्याने तर पाटीवर 'जि. उदगीर' रंगवूनही टाकलंय. जिल्हा होईल तेव्हा होईल, त्याने आधी कपबशा विसळायला शिकावं.

जागा मला आवडली. निळ्या घसरगुंड्यांचा रंग उडालाय, त्यांच्या तोंडाशी घाणेरी माजलीय. मधोमध लाटांचा तलाव आहे. एका अंगाने फरशी उतरत उतरत खोल जाते, बाकी तिन्ही अंगांनी लोकांना बसायला पायऱ्या. आता कोरडा ठाक. काठावर नियमांची पाटी शाबूत आहे: धावू नये, ढकलू नये, रांगेत यावे. इतकी शहाणी पाटी मी आमच्या कॉन्व्हेंटनंतर पाहिली नव्हती.

फाटकाशी जलील नावाचा म्हातारा चौकीदार आणि त्याची बायको सालेहा राहतात. त्याने माझी पितळी घंटा हातात घेऊन निरखली. निरोपाच्या दिवशी सिस्टर्सनी दिलेली माझी शाळेची घंटा. मिसबाई, इथं कुणाचा तास घेणार, असं विचारून तो आपणच हसला. घंटा व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवली आहे.

८ एप्रिल, पाडवा

सकाळी वानरांचा कळप कोरड्या तलावात उतरला होता. फरशी चाटत होती. लहान पिल्लंसुद्धा. माझा संताप झाला. वनखात्याच्या ज्या साहेबांना फोन केला, त्यांनी अर्ज द्या म्हणून सांगितलं. मी विचारलं, अर्जावर सही वानराची चालेल का. त्यांनी फोन ठेवला.

बंगल्यामागची एक बोअर अजून थोडं पाणी देते. स्टार्टरच्या पेटीची किल्ली माझ्याकडे आहे. जलीलने पाइप जोडला आणि तलावाच्या खोल अंगाला एका दिवसात पिऊन संपेल एवढं पाणी सोडलं. भिंतीपलीकडच्या वस्तीतली शरणम्मा तिथेच शेळ्या चारत होती, ती नारळ घेऊन आली. जनावरांसाठी का होईना, पाणपोई आहे, मुहूर्त तर पाहिजे, असं तिचं म्हणणं. नारळ फोडून झाल्यावर तिने मला नियम सांगितला: 'पाणपोई मांडली की मिरगापतोर मोडायची न्हाई बरं, बाई. एकदा बोलावलं की बोलावलं.'

मी म्हटलं, मोडायला मी काय पुढारी आहे.

पाणी सोडताना घंटा वाजवली. शिस्त पहिल्या दिवसापासून लागते.

१४ एप्रिल, गुरुवार

लातूरला रेल्वेने पाणी आलं. पेपरात गाडीला हार घातलेला फोटो आहे.

आमच्याकडे गाडी नाही, पण घंटा आहे. दुपारी बाराला वाजवते. आठवड्याभरात सगळे शिकले. आधी वानरं, मग मोर, मग माळावरची हरणं. कोल्हा सगळ्यात शेवटी येतो, मान खाली घालून, उशिरा आलेल्या मुलासारखा. पिऊन झालं की पायऱ्यांवर सावलीत बसतात. शरणम्मा सांगत होती, ही हरणं पूर्वी पार तिरू नदीकडच्या डोहावर जायची, आता तिकडची वाटच सोडली. मला त्याचा अभिमान वाटला. एक पाडस आहे, कानावर पांढरा ठिपका असलेलं. ते आईच्या पायांतून पुढे घुसतं आणि थेट पाण्यात उभं राहून पितं. त्याला मी नाव ठेवलेलं नाही. नावं ठेवली की लाडावतात.

जलील म्हणतो, लातुरात रांगेला पोलीस लागून राहिलेत, मिसबाईच्या रांगेला घंटाच बास.

२२ एप्रिल, शुक्रवार

घंटा गेली.

काल दुपारी टेबलावर होती, आज सकाळी नाही. मी जलीलला विचारलं. शरणम्माला विचारलं. दोघांनी कानांवर हात ठेवले. वस्तीतल्या बायका अधूनमधून तलावातलं पाणी घागरीत भरून नेतात, हे मी पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. त्याचं हे बक्षीस.

माझ्या शाळेत एक नियम होता आणि तो मी कधी मोडला नाही. वर्गात वस्तू हरवली तर सगळ्या वर्गाने हात गुडघ्यांवर ठेवून, तोंड मिटून, समोर बघत बसायचं. पाणी नाही, डबा नाही. जिने केलं तिने उठून कबूल करावं आणि मैदानाच्या मधोमध उन्हात उभं राहावं, शेवटची घंटा होईपर्यंत. ती उभी राहिली की बाकीच्या सुटल्या. दर वेळी कोणीतरी उठतच असे.

तेव्हा मी स्टार्टरला कुलूप घातलं आणि सांगून टाकलं, घंटा परत येत नाही तोवर पाणी बंद. शरणम्मा म्हणाली, 'चोरी मानसाची आन् शिक्षा हरणाला. ह्यो कंचा कायदा, बाई?' मी म्हटलं, कायदा जुना आहे आणि चालतो.

२३ एप्रिल, शनिवार

जलील गेला. मी त्याची पेटी उघडून दाखवायला सांगितलं होतं. त्याने दाखवली. दोन सदरे, नमाजाची चटई, औषधं. सालेहाने रडत पेटी बंद केली. जाताना तो एवढंच म्हणाला की निजामाच्या वक्तापासून आमच्या घराण्यात पहारा आहे, झडती आज पहिल्यांदा झाली. नांदेडला मुलीकडे जातो म्हणाला.

जाऊ दे. ज्याचं मन स्वच्छ, त्याला झडतीचं काय.

बारा वाजता सगळे आले. घंटा न होताच.

२६ एप्रिल, मंगळवार

घंटा सापडली.

माझ्याच ट्रंकेत. रेशमी साडीच्या घडीत, जीभ वाजू नये म्हणून रुमालात बांधलेली. रुमालाची गाठ माझी आहे. आता आठवतं, गुरुवारी दुपारी एक वानर टेबलावर चढलं होतं, तेव्हा मी ती उचलून आत ठेवली आणि पडले. झोप लागली. उठले ती कोरी पाटी.

वय झालं की असं होतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पण शरणम्माला सांगायचं कसं? आणि जलीलला? विचार करून ठरवलं: रविवारी, एक मेला, महाराष्ट्र दिनाच्या निमित्ताने मी सगळ्यांना माफ करून पाणी सोडेन. घंटेचा विषय काढणार नाही. माफी दिली की कोणी कारण विचारत नाही.

चार दिवसांचा तर प्रश्न आहे. घंटा पुन्हा रुमालात बांधून ट्रंकेला कुलूप घातलं.

२८ एप्रिल, गुरुवार

ते येतात. उन्हात फरशीवर उभे राहतात, बंगल्याकडे बघतात. ओरडत नाहीत. वानरं ओरडली असती तर बरं झालं असतं.

पाडस आज बसलं ते उठलं नाही. शरणम्मा भिंतीवरून आली आणि तिने त्याच्यासाठी तांब्याभर पाणी मागितलं. वस्तीतला हौद कालच संपला, तुमच्याकडं जार हायत, म्हणाली. ईश्वरप्पा लातूरहून माझ्यापुरते पाण्याचे जार पाठवतो. स्वयंपाकघरात दोन भरलेले होते. तिला दारातून दिसत होते.

मी म्हटलं, एकाला दिलं की शिस्त मोडते. रविवारी सगळ्यांनाच सोडणार आहे.

ती म्हणाली, 'रविवार हरणाला कसा कळावा, बाई.'

मी दार लावलं. जेवले. जेवताना दोन पेले पाणी प्यायले. हे मुद्दाम लिहून ठेवते आहे.

२९ एप्रिल, शुक्रवार

पाडस गेलं. शरणम्माने पदरात उचललं, घाणेरीपाशी खड्डा केला, वर दगड रचले. मी व्हरांड्यातून पाहिलं. कानावरचा ठिपका मातीखाली जाईपर्यंत पाहिलं. ती मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं, माझ्याकडे उत्तरं नेहमी असतात.

संध्याकाळी वस्ती उठली. शेळ्या घेऊन सगळे चारा छावणीकडे गेले. आता भिंतीपलीकडे चूल नाही, कुत्रं नाही.

१ मे, रविवार

बारा वाजता घंटा काढली. वाजवली. सगळे आले, आधी वानरं, मग मोर, मग हरणं. ती आई पण.

स्टार्टर दाबला. मोटर चालली. पाइप खोकला. लाल धूळ आली. मग नुसती हवा.

पुन्हा दाबला. पुन्हा. मोटर जळल्याचा वास.

मी त्यांना बोलावलं आणि धूळ दिली. त्या दिवशी, मंगळवारी, पाणी होतं. बोअरमध्ये पाणी होतं.

एक वानरी पोटाशी पिल्लू धरून होती. पिल्लाचे हात लोंबत होते. ती त्याचं तोंड पुन्हा पुन्हा पाइपाला लावत होती.

२ मे, सोमवार

जलीलला फोन केला. सालेहाने उचलला. तिने तब्येत विचारली. मी तिला विचारलं, फाटकाच्या कुलपाची दुसरी किल्ली कुठे आहे.

एवढंच विचारलं. मग ठेवला. घंटा माझ्याच ट्रंकेत होती, हे चार शब्दही सांगता आले नाहीत.

ईश्वरप्पालाही केला. मला इथून ने म्हटलं. तो म्हणाला, रविवारी येतो, अक्का.

रविवारी.

३ मे

दुपारी बाराला घंटा झाली.

घंटा ट्रंकेत आहे. ट्रंकेला कुलूप आहे. किल्ली गळ्यात आहे. आवाज तलावातून आला, खोल अंगाकडून, माझ्याच घंटेचा. तिचा आवाज मी कुठेही ओळखेन.

ट्रंक उघडली. रुमालाची गाठ तशीच होती. घंटेची जीभ बोटांत घट्ट धरून बसले.

बाहेर वाजतच होती.

४ मे

पायऱ्यांवर बसलेत. ओळीने. वानरांच्या शेजारी कोल्हा, कोल्ह्याच्या शेजारी मोर. कोणी कोणाला भीत नाही. कोणी पाणी शोधत नाही. सगळी तोंडं इकडे.

वानरांचे हात गुडघ्यांवर आहेत.

हे त्यांना कोणी शिकवलं — मी तर फक्त या रोजनिशीत —

फोनला चार्ज नाही. वीज कालपासून नाही.

५ मे

पहिल्या ओळीत पाडस आहे.

चष्मा पुसून पाहिलं. कानावर ठिपका. ठिपक्यावर माती. घाणेरीपाशी गेले, दगड जसेच्या तसे रचलेले. एकही हललेला नाही. मागे वळले तर ते माझ्याकडे बघत होतं. त्याच्या शेजारी वानरीचं पिल्लू, मान एका बाजूला —

दार लावून घेतलं. दाराशी ओलं आहे. खुरांचे ओले ठसे, तलावापासून माझ्या उंबऱ्यापर्यंत. तलावात थेंब नाही.

६ मे

उरलेला जार तलावात नेऊन ओतला. धापा टाकत. पाणी उतारावरून खोल अंगाला वाहत गेलं. कोणी मान वळवली नाही. कोणी उठलं नाही.

त्यांना पाणी नको आहे.

मला कळलं त्यांना काय हवंय. मीच तर शिकवलं सगळा जन्म. कोणीतरी उठावं लागतं. तोवर वर्ग सुटत नाही.

घसा इतका कोरडा की —

घंटा होते आहे. थांबत नाही.

दुपार

रोजनिशी बरोबर घेऊन तलावात आले आहे. मोठ्याने सांगितलं. घंटा मी ठेवली होती. जलीलने नाही, वस्तीने नाही. मला मंगळवारी कळलं आणि मी गप्प बसले. पाडसाच्या वेळी घरात पाणी होतं. सगळं सांगितलं, नीट, ताठ उभं राहून.

सांगून होताच घंटा थांबली.

ते उठले. ओळीने. न ढकलता. आधी वानरं, मग मोर, मग हरणं. पाडस सगळ्यात शेवटी, वळून न बघता. पायऱ्या रिकाम्या झाल्या. सुटले.

मी मधोमध उभी आहे. फरशी तापलीय. निघावं म्हटलं तर पाय — नियम माहीत आहे त्यांना. शेवटची घंटा होईपर्यंत.

आता वाजत नाही. किती वेळ झाला कान लावून आहे. फाटकाशी कोणी नाही, भिंतीपलीकडे कोणी नाही. घंटा घरात, ट्रंकेत, जीभ रुमालात बांधलेली, आणि गाठ मी अशी घट्ट मारते की दुसऱ्या कोणाला ती —