कुराताबाईंची म्हातारी

३ सप्टेंबर २००६, रविवार. गेर्लिंगेन, जर्मनी
झालं! भाकरी थापायला घेतली आणि बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या जपानी बाई, फ्राउ कुराता. हातातल्या वहीवर त्यांनी तळहाताने थाप-थाप केलं आणि आमच्या स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. मेले! रविवारी घरात आवाज करायचा नाही हा इथला नियम, ‘रुहेत्साइट’ म्हणतात. सात वेळा ‘एंटशुल्डिगुंग’, माफ करा, म्हणून दार लावलं.
श्रीपाद म्हणतो, “भाकरीलाही रुहेत्साइट असते का गं?” नवऱ्याला हसायला काय जातंय!

१७ सप्टेंबर
दोन आठवडे पोळ्याच. आईने सोलापूरहून दिलेलं ज्वारीचं पीठ डब्यात पडून आहे.

२० सप्टेंबर
या आठवड्यात जिना झाडायची पाळी माझी. पायपुसणं उचला म्हणायला कुराताबाईंची बेल तीनदा वाजवली. आत दिवा चालू, दार उघडेनात. एवढा राग? शिष्ट कुठली!

२२ सप्टेंबर
सगळं उलटंच निघालं!
आज बाई पुन्हा वर आल्या. जर्मन त्यांचं माझ्याहून कच्चं दिसतंय, म्हणून वहीत चित्रं काढून बोलतात. पहिल्या पानावर मी भाकरी थापतेय, खाली त्या हसतायत. दुसऱ्या पानावर माझी परात रिकामी, आणि त्या डोकं धरून बसल्यात. म्हणजे त्यांना थापा हव्या होत्या! आणि मी बावळट तीन आठवडे पोळ्या लाटत बसले.
मग खाली घेऊन गेल्या. खोलीभर कागद. एक म्हातारी बर्फातून चालते, एवढीच फिल्म. सेकंदाला बारा चित्रं, सगळी हाताने, एकटीने. पण म्हातारीची चाल काही जमेना. वर बोट दाखवून बाईंनी भिंतीला तळहात टेकवला: माझ्या थापांवर जमायला लागली होती, तेवढ्यात मी बंद केल्या. भिंतीवर कॅलेंडर, ३१ ऑक्टोबरला गोल, त्यात विमान. शिष्यवृत्ती तेव्हा संपते. तोवर म्हातारी चालली नाही तर फिल्म अर्धीच राहणार.
आणि तीन आठवडे माझ्यामुळे गेले!

२५ सप्टेंबर
लेकीला, उर्जाला, किंडरगार्टनला सोडून परात घेऊन खालीच जाते. त्यांच्याच टेबलावर थापते — दोन थापा, एक फिरकी. त्या डावा तळहात टेबलावर टेकवून डोळे मिटतात, मग झरझर काढत सुटतात. भाकरी लसणाच्या चटणीशी खातात, घाम पुसत!

४ ऑक्टोबर
बाईंनी जुन्या कामाची डीव्हीडी दिली. सोळा वर्षांत चार फिल्म्स, मिळून बावीस मिनिटं. एकीत माणूस हरवलेला मोजा शोधतो, बस. सापडला तेव्हा मला रडूच आलं. आवाज मात्र कशालाच नाही. श्रीपादने टीव्हीच्या वायरी काढून पुन्हा लावल्या. उर्जा म्हणाली, “कापुट.” बिघडला म्हणे!
चिंचवडला ड्रॉइंग ऑफिसात होते तेव्हा एक रेघ चुकली की अख्खं पान पुन्हा. बाईंच्या खोलीत तोच कागदाचा वास येतो. फार बरं वाटतं तिथे.

१९ ऑक्टोबर
पीठ संपत आलं. विरीही गेलीय, भाकरी चिरते. बाईंना चिरलेली चालते. थाप चुकली की मात्र मान हलवतात!

२७ ऑक्टोबर
शेवटच्या मुठीची भाकरी. बाईंनी कागदांचा गठ्ठा फरफर उलटून दाखवला — म्हातारी चालतेय! आम्ही दोघी उड्या मारल्या. परात पडली.

३१ ऑक्टोबर
गेल्या. जिन्यात मला मिठी मारली, फिल्मची कच्ची प्रत दिली. लगेच लावली. चार मिनिटं, सुंदर! पण माझ्या थापा कुठायत? एकही ऐकू येत नाही! डबाभर पीठ गेलं माझं. श्रीपाद समजूत घालतोय, “शेवटच्या प्रतीत असतील गं.” मी गाल फुगवून बसलेय.

११ नोव्हेंबर
जिन्यात घरमालकीण भेटली. “आल्झो, तर सोमवारी खाली नवे भाडेकरू येतायत, आता आवाज जरा जपून. फ्राउ कुरातांची गोष्ट वेगळी, त्यांना विसाव्या वर्षापासून काही ऐकूच येत नाही.”
वर येऊन फिल्म पुन्हा लावली. म्हातारी दोन पावलं टाकते, काठीवर वळते. दोन पावलं, पुन्हा वळते.
दोन थापा, एक फिरकी. सबंध बर्फ ती माझ्या भाकरीवर चालली होती.