डावा स्पीकर

३ मार्च, सोमवार

नापास! पुण्याहून दीपश्री मॅडमचा फोन — बोलत्या पुस्तकांचं काम त्याच बघतात. "वाचन छान आहे हो शीतल, पण आवाज फुगलाय. हेडफोनवर ऐकूनच साफसफाई केलीत ना?" हो म्हटलं. खोटं कशाला बोलू? पंचवीस तारखेपर्यंत पुन्हा नमुना पाठवायचा. तो जमला तर मुलांच्या गोष्टींचं अख्खं पुस्तक माझ्या आवाजात!

ठरलं. मॉनिटर स्पीकर घ्यायचे. आवाज आहे तसा ऐकवणारे, गोड करून नाही.

५ मार्च

मोबाइलवर वाचून वाचून डोळे गेले. एक म्हणतो आठ इंची घ्या. दुसरा म्हणतो, लहान खोलीत आठ इंची नुसते घुमणार. उणकलची आमची खोली दहा बाय अकरा.

दुकानात गेले. दुकानदारानं नाचायचं गाणं लावलं, काचा थरथरल्या. "बेस बघा अक्का!" माझं वाचन लावा म्हटलं, पेनड्राइव्ह पुढे केला. हसला. बाहेर पडले.

८ मार्च, शनिवार

कमरीपेठेतले बाबाजी अण्णा. तीस वर्षं स्पीकर दुरुस्त करतायत, आता थोडे नवेही ठेवतात. न हसता पेनड्राइव्ह घेतला. डोळे मिटून ऐकलं. "केळ्री, ऐका अक्का, एकट्या बाईचा आवाज, लहान खोली. मोठे नकोतच." एक जोडी साडेतीन इंची, एक साडेचारची. दोन्ही माझ्या आवाक्यातल्या. "दोन्ही घरी न्या. चार दिवस ऐका. दुकानात काय कळतंय?"

चिठ्ठी नाही, काही नाही. असाही माणूस असतो!

९ मार्च

लोकेशला सुट्टी. नवरा घरी असला की टेबल हलतं! भिंतीपासून हातभर पुढे घेतलं. स्पीकर कानाच्या उंचीवर यायला खाली दोन-दोन विटा.

साडेतीन इंची — स्वच्छ, पण मी पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखी. साडेचार लावले. बाप रे! प्रत्येक 'भ'ला धप्प, 'प'ला धप्प, आणि वाक्यामागे अख्खी खोली घुमतेय. मॅडम खरंच बोलत होत्या. "एवढं वाईट वाचतेस तू?" — लोकेश. उशी फेकून मारली.

साडेचारच!

११ मार्च

काहीतरी बिघडलंय. आवाज मधोमध यायला हवा, तो उजवीकडे सरकतो. डावा स्पीकर हळू वाजतोय. वायर बदलली. मग डावा उजवीकडे ठेवला, उजवा डावीकडे. तरी डावीकडचाच हळू! साडेतीनची जोडी लावली. तेच. चिडून अण्णांना फोन केला — "दोन्ही जोड्यांमधला डावाच खराब कसा?"

ते म्हणाले, "अक्का, स्पीकर हलवू नका. तुम्ही त्यांच्याकडे पाठ करून बसा."

बसले.

मघाशी मोठ्यानं वाजणारा आता माझ्या डाव्या कानाकडे होता. आणि आता तोच हळू.

अण्णा फोनवर वाट बघत होते. "स्पीकर चांगले आहेत," एवढंच म्हणाले मी.

जुन्या हेडफोनचीही डावी बाजू कमीच वाजायची. मी वायरला शिव्या घालत होते.

१२ मार्च

काही लिहायचं नाही.

१५ मार्च, शनिवार

कानाचे डॉक्टर. बंद खोलीत बसवून टिक टिक ऐकवली. डावा कान निम्म्यावर. परत येणार नाही. उजवा चांगला, त्याला जपायचं. "डाव्या बाजूला कुठे मोठा आवाज असायचा का?" असायचा की! गोकुळ रोडच्या कारखान्यात अकरा वर्षं. पत्रा कापायचं प्रेस मशीन, ओळीतल्या प्रत्येकीच्या डाव्या हाताला. कानात घालायला कापूससुद्धा आम्ही घरून न्यायचो.

रिक्षात लोकेश म्हणाला, "हे वाचनाचं सोड आता. नको ताण."

"वाचते तोंडानं. ऐकायला एक कान पुरतो!"

रिक्षावाला वळून बघायला लागला.

१७ मार्च

स्पीकर परत द्यायला गेले. खरं तर रडायला गेले असणार. अण्णांनी रडू दिलं, चहा मागवला. मग विचारलं, "मागं संगीत असतं का तुमच्या?"

"इल्ला," नाही म्हटलं.

"मग एका आवाजाला दोन स्पीकर कशाला? एकच न्या. समोर ठेवा, जरा उजवीकडे. ह्याला स्वतःची पॉवर आहे, एकटा चालतो."

"जोडी फोडलीत तर दुसऱ्याचं काय?"

"तो माझा प्रश्न."

२४ मार्च

सात दिवस! खिडकीला दोन गोधड्या. धपके एकेक करून काढले. कान थकला की थांबायचं — थांबले. पाठवलं.

२ एप्रिल

पास! "आता कुठलं मशीन घेतलंत?" — दीपश्री मॅडम. एक स्पीकर, म्हटलं. "एकच?" एकच! पुस्तक माझं.

८ एप्रिल

भाग्यलक्ष्मी कारखान्यात माझ्या पुढच्या जागेवर असायची. तिला तपासायला घेऊन गेले. डावा कान. मग तिच्या पुढची. तिचाही. आज माझ्यासकट सहाव्या बाईचा तपासणीचा कागद आला — डावाच. पुस्तक आठवडाभर थांबेल. उद्या सकाळी आम्ही सहाजणी कारखान्याची तक्रार घेऊन कामगार अधिकाऱ्याकडे जातोय.