साडेसहा हजारांचं वॉशिंग मशीन

३ मार्च, सोमवार
आजपासून घरखर्च माझ्या हातात. बायकोने पाकीट, याद्या आणि बिलांची फाइल समोर ठेवली आणि म्हणाली, घ्या, तीन महिने करून दाखवा. तिच्या आवाजात जे काही होतं ते मला ऐकू आलं नाही, असं मी ठरवलं.
ती हॉस्पिटलात नर्स आहे. आठवड्याला सहा ड्यूट्या, वर दर रविवारी एक जादा. ती जादा ड्यूटी सोडली तर महिन्याची तोंडमिळवणी होत नाही, हे तिचं मत. माझं मत, खरेदीत डोकं वापरलं तर होते. शब्द देऊन टाकला: या महिन्यात एवढी बचत करीन, की एप्रिलपासून रविवारी तू घरी. ती हसली. कुत्सितपणे नसावं.

५ मार्च, बुधवार
कपड्यांच्या पावडरचं पंचवीस किलोचं पोतं आणलं. पोत्यावर कंपनीचं नाव नाही. म्हणजे जाहिरातीचा खर्च नाही. म्हणजे फायदा आपला. एवढं साधं गणित लोकांना का कळत नाही?
पावडर डब्यांत भरली. डब्यांवर काळ्या मार्करने लिहिलं, 'एकच चमचा. विसरू नये.' खाली दोन रेघा. या घरात सगळ्या वस्तूंवर सूचना मीच लिहितो. नाहीतर कुणाला काही म्हणजे काही लक्षात राहत नाही.
मुलगी म्हणाली, बाबा, हिला भिंतीच्या रंगासारखा वास येतोय. दुर्लक्ष केलं.

९ मार्च, रविवार
बायको जादा ड्यूटीवर. तिला म्हटलं, आता मोजून तीन रविवार राहिले.
पावडरला फेस येत नाही. एकाऐवजी चार चमचे टाकले. तरी स्वस्तच.
माझा एक राखाडी मोजा हरवला. अंगठ्याला भोक असलेला. घरात शिस्त म्हणून राहिलेली नाही.

११ मार्च, मंगळवार
मशीन बंद. पोटात पाणी, पाण्यात बायकोचे तीन युनिफॉर्म. बटण दाबलं की नुसतं घूं घूं करतं.
मेकॅनिकला फोन केला. म्हणे, येऊन बघायचे तीनशे, दुरुस्तीचे वेगळे. नुसतं बघायचे तीनशे! बघायला काय, मीही बघतो. अर्धा तास बघितलं.

१३ मार्च, गुरुवार
ड्यूटीवरून आल्यावर बायको बाथरूममध्ये बसून युनिफॉर्म धुते. खांदा दुखतो म्हणाली. मेकॅनिकला बोलवा म्हणाली. दोनदा.
मी तिला शांतपणे समजावलं. मशीन आठ वर्षांचं. जुन्या वस्तूवर पैसे घालणं म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. अशा वेळी भावनेत वाहून जायचं नसतं. ती म्हणाली, मी भावनेत नाही, साबणाच्या पाण्यात आहे.
कधीकधी तिच्याशी आर्थिक विषयावर बोलणं अवघड जातं.

१५ मार्च, शनिवार
मशीन भंगारवाल्याला विकलं! तो सहाशेवर अडून बसला होता. मी तसा सोडतो का? कंपनी, मोटर, आठ वर्षांची निगा, सगळं ऐकवलं. शेवटी नऊशे दिले. माझ्यापुढे त्याची बोलतीच बंद झाली. मशीनकडे बघत नुसता हो हो म्हणत होता. जाताना त्याने नळी आणि माहितीपुस्तकही मागितलं. देऊन टाकलं. आपल्याला काय उपयोग?
जिन्यावरून उतरवताना एक बाजू मी धरली. कंबर धरली आहे.

२० मार्च, गुरुवार
नव्या मशीनचा अभ्यास चालू. चौदा मॉडेल, अकरा रकाने. मुलगी म्हणाली, बाबा, 'कपडे धुतं का' असा एक रकाना घाला. आजकालच्या मुलांना संशोधनाची किंमत नाही.
बायको सकाळ-संध्याकाळ कपडे हाताने धुते. उजवा हात डोक्याच्या वर जात नाही म्हणाली. मी चादरी आणि माझे शर्ट बाहेर लाँड्रीत दिले. अकराशे झाले. हा खर्च मशीनमध्ये धरायचा नाही. तो तात्पुरता आहे.
महिनाअखेर सेल आहे. तोपर्यंत कळ काढायची. घाई करणाराच फसतो.

२६ मार्च, बुधवार
सेल म्हणजे शुद्ध लबाडी! माझ्या तक्त्यात वीस तारखेचे भाव आहेत. आधी पंधरा टक्के वाढवले, मग दहा टक्के सूट दिली, वर लाल फुगे. मी काय दुधखुळा आहे? सेल्समनला तक्ता दाखवला. तो म्हणाला, सर, मागे लाइन आहे.
संतापाने डोकं भणभणलं. पण संतापातूनच मार्ग सुचतो. थेट बस डेपोमागच्या जुन्या सामानाच्या दुकानात गेलो आणि काम फत्ते! आमच्याच कंपनीचं मशीन, मापही तेच, पण काय तब्येत! निळं नवंकोरं झाकण, अंगावर पॉलिश. चालवून दाखवलं. आवाज नाही की काही नाही. आमचंच तेवढं फुटक्या नशिबाचं निघालं.
मालक सात हजार म्हणत होता. साडेसहावर आणला. वर सहाशे भरून सहा महिन्यांची वॉरंटी, जोडणी फुकट. म्हणाला, एका सज्जन कुटुंबात वापरलेलं आहे. मी म्हटलं, ते दिसतंच.

२९ मार्च, शनिवार
मशीन आलं. बायको ड्यूटीवर, त्यामुळे कौतुक करायला मुलगीच.
मागच्या बाजूला आधीच्या मालकाने काळ्या मार्करने लिहून ठेवलंय, 'ही बाजू भिंतीकडे. विसरू नये.' खाली दोन रेघा. अक्षर टपोरं. माणूस व्यवस्थित असावा. अशा माणसाची वस्तू डोळे झाकून घ्यावी. मुलीला मुद्दाम दाखवलं, म्हटलं, बघ, याला म्हणतात शिस्त.
ती मशीनकडे बघत राहिली. मग पावडरच्या डब्याकडे. मग माझ्याकडे. म्हणाली, बाबा, तुम्ही जरा बसा.
मी कशाला बसू?

३० मार्च, रविवार, सकाळी ११
दुकानातून जोडणीसाठी माणूस आला. तोच तीनशेवाला मेकॅनिक. फोनवरच्या आवाजावरून ओळखला.
मशीन बघून खूश झाला. म्हणाला, साहेब, बिनधास्त वापरा, हे मीच केलंय. याला झालं काहीच नव्हतं. पाणी बाहेर जायच्या जागी हलक्या पावडरचा गोळा बसला होता, आणि गोळ्यात मोजा. वीस मिनिटांचं काम. झाकण तेवढं नवं टाकलं. कुणीतरी मूर्खाने म्हणे नऊशेत भंगारात काढलं.
मी विचारलं, मूर्ख कशावरून? परिस्थिती असते एखाद्याची.
मुलगी आतल्या खोलीत निघून गेली. मेकॅनिकला मोज्याचा रंग विचारायचा नव्हता. विचारला. राखाडी.

त्याच दिवशी, दुपारी ४
दुकानात जाऊन आलो. मालकाला सोडला नाही. फसवणूक, ग्राहक, कायदा, सगळं काढलं. तो शांतपणे म्हणाला, साहेब, मशीन तुमचंच होतं म्हणता, मग त्याचे गुण तुम्हाला आधीपासून माहीत होते. यात फसवणूक कुठे आली? पावतीच्या मागे छापलंय, विकलेला माल परत घेतला जाणार नाही.
पावतीच्या मागे कोण बघतं?
बायको सहाला येईल. मुलीला म्हटलं, आईला इतक्यात काही सांगू नकोस. ती म्हणाली, सकाळीच फोनवर सांगितलं.

६ एप्रिल, रविवार
आठवडाभर लिहिलं नाही.
बायको त्या दिवशी ओरडली नाही. ओरडली असती तर मला बोलता आलं असतं, मुद्दे तयार होते. तिने मशीनच्या मागे वाकून अक्षर वाचलं. मग टेबलावरचं पाकीट उचलून आपल्या पर्समध्ये टाकलं आणि कॅलेंडरवर एप्रिलच्या चारही रविवारांवर 'ड्यूटी' लिहिलं. डाव्या हाताने. उजवा अजून वर जात नाही. मला वाईट वाटलं. हे कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितोय.
आता सकाळी टेबलावर यादी असते आणि मोजून पैसे. आज दूध, ब्रेड आणि तिचं खांद्याला लावायचं मलम. तीन रुपये उरले, ते परत ठेवले.
ती सकाळी सातला ड्यूटीवर गेली. मी तिचे युनिफॉर्म मशीनला लावले. तिच्या पावडरने, एकच चमचा. मोजे आधी मोजून घेतले. मशीन खरंच छान चालतं.
धुणं झाल्यावर पुसून जागेवर ढकललं. अक्षराची बाजू भिंतीकडे.