अल गराफातला धबधबा

२९ ऑगस्ट, शुक्र.
राफाएलच्या धबधब्याची आजपर्यंतची खरी किंमत: सुट्टीचे तीन शुक्रवार, बायको शैलाचा अबोला, माझ्या डाव्या अंगठ्याचं नख, आणि फोरमन बाबलने कोरडाच चालवून जाळलेला एक चांगला पंप.
तरी छाती फुगते. ज्या आखाती देशात एक नदी नाही तिथे मी धबधबे विकतो. आलो तेव्हा दुसऱ्याच्या शेडमध्ये फायबर घासायचो, आज इंडस्ट्रियल एरियात स्वतःचं शेड. आणि आता जगातला सगळ्यात उंच धबधबा अल गराफातल्या राफाएलच्या हॉटेलात उभा करतोय. त्याच्या व्हेनेझुएलाचा एंजल फॉल्स. अस्सल जवळजवळ एक किलोमीटर. आपला छतापर्यंत.

३१ ऑगस्ट
पाणी सोडलं. काचेसारखा सलग पडदा. इथल्या व्हिलावाल्यांना असाच लागतो. राफाएल बघत राहिला, मग म्हणाला, हा बँकेच्या लॉबीतला धबधबा झाला. त्यांच्याकडे पाणी इतक्या उंचावरून येतं की वाटेतच धुकं होतं. तसंच हवं.
बाबल मालवणचा. त्याला समजावून सांगितलं तर म्हणे, "दादा, पाणी खाली पोचूचाच नाय, तर तो धबधबो कसलो?"
गिऱ्हाइकाला भाषांतर करून दिलं नाही.

५ सप्टें., शुक्र.
धुक्याचे नोझल बसले. एसीचा झोत सगळं धुकं नेऊन फोटोंच्या भिंतीवर घालतो. दिवसभर जाळ्या वळवत बसलो. शैला आज पुन्हा
असो.
ती भिंत म्हणजे राफाएलचं देवघर. त्यांच्या फुटबॉल टीमचे फोटो. कोपा अमेरिका स्पर्धेत चौथे आले तो. गेल्या वर्षी तिथेच गटातल्या तिन्ही मॅच जिंकले तो. वीस वर्षांखालची पोरं वर्ल्ड कपच्या फायनलला गेली तो. मधली मोठी चौकट कोरी. ती मोठ्यांच्या वर्ल्ड कपची. दक्षिण अमेरिकेतल्या दहांत हे एकटेच कधी गेलेले नाहीत.
आज पहाटे पात्रता फेरीत अर्जेंटिनाकडून हरले, तरी अजून सातवे आहेत. राफाएलने हिशेब मांडला: दहा देश, सहा थेट आत, सातव्याला आणखी एक संधी. "दहांतून सात, मिस्टर मोरे. आता चुकायलाही अक्कल लागते."
वडिलांना कराकसहून आणलंय, ऐंशीच्या पुढचे. ती चौकट त्यांच्या हातून भरून घ्यायची, म्हणून उद्घाटन शेवटच्या मॅचनंतर लगेच ठेवलंय. मी म्हटलं, इन्शाल्ला.

८ सप्टें.
सगळे म्हणाले पंप ठीक. मला बारीक खरखर ऐकू आली. हवा ओढत होता. सांधा आवळला, खरखर खलास. वर धार, मध्ये धागे, खाली नुसतं धुकं. असं काम मी आजवर केलं नाही.
शैलाला नेऊन दाखवलं. तिने धुक्यात हात धरला. "शुक्रवार कुठे जात होते ते कळलं." अबोला सुटला बहुतेक.

१० सप्टें.
उठल्याउठल्या शेवटच्या मॅचचा स्कोर. ३–६. घरच्या मैदानावर, दोनदा पुढे असून. तिकडे बोलिव्हियाने ब्राझीलला हरवून सातवी जागा नेली.
फोन करायचा धीर होईना. त्याचाच आला. कोऱ्या चौकटीत धबधब्याचा फोटो लावू का, विचारत होता. म्हटलं, शेजारी धबधबा चालू असताना फोटो कशाला? वडील काय म्हणाले?
"अजून सांगितलं नाही."

११ सप्टें.
उद्घाटन. बटण मला दाबायला लावलं. लोक जेवणं सोडून उठून आले. बाबल इस्त्रीचा शर्ट घालून धबधब्याशेजारी असा उभा, जणू डोंगर त्याचाच.
राफाएलचे वडील टीमची वाइन रंगाची जर्सी घालून धुक्यात तोंड धरून उभे राहिले. तरुणपणी होडीने जाऊन त्यांनी अस्सल पाहिलाय. काहीतरी पुटपुटले. राफाएलने सांगितलं, "म्हणतात, तिथेही असाच भिजलो होतो." यापुढे मला कुणाचं सर्टिफिकेट नको.
कोरी चौकट तशीच होती. राफाएलने ती काढलीही नाही, भरलीही नाही. एका पाहुण्याने विचारलं, ही रिकामी का? पुढच्या वेळेसाठी, राफाएल म्हणाला. आणि ह्या वेळी कितवे आलात?
राफाएलने वडिलांकडे पाहिलं.
म्हाताऱ्यानेच आठ बोटं वर केली.