देवराईतली आमरी आणि माझी वही

मी, हौशीराम कोंडाजी वाळंज, वय ४७, धंदा माळीकाम, राहणार औंढे, तालुका मावळ, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दाबाशिवाय लिहितो. माझ्या हाताने केलेल्या वस्तू : राहते घर, कौले सोडून, अठरा पायऱ्यांची बांबूची शिडी, रॉकेलच्या डब्यांतून कापलेले नंबरचे पत्रे तेवीस, आणि एक वही, जिच्यात देवराईतल्या आमरीच्या (बंगलेवाले तिला ऑर्किड म्हणतात) प्रत्येक रोपाचे झाड, फांदी, दिशा व फुलण्याची तारीख आहे. शाळा दुसरीपर्यंत. बाकी बघून शिकलो.

१. घर व परसू पत्नी झुंबरबाई हिला.

२. धाकटा भाऊ भिमाजी यास वरच्या खाचरातला माझा हिस्सा. माझा कोयता देऊ नये. बांडगूळ साफ करतो म्हणून त्याने राईच्या कडेच्या आंब्यावरची तीन रोपे छाटली. बांडगूळ झाडाचा रस पिते, आमरी फांदीवर नुसती बसते, असे सांगितले, तर म्हणाला, "दादा, फुकट बसून ऱ्हातंय ते बांडगूळच की." तेव्हा हसलो नाही, आजही नाही.

३. मोठी चूक माझी. वहीशी मेळ राहावा म्हणून प्रत्येक रोपाखाली मीच पत्रा ठोकला. लोणावळ्याच्या एका बंगलेवाल्यासाठी रोपे नेणारा दलाल आला, त्याला काही शोधावे लागले नाही; उन्हात पत्रे चमकत होते. सोळा रोपे सालीसकट नेली. ज्या राईतली वाळकी काटकी आम्ही चुलीला आणत नाही, तिथे हे झाले.

४. चार उरली. त्यांचे पत्रे मी काढले; शेवटचा काढताना पडलो. थुंकीत रक्त येते, म्हणून हे आजच लिहितो. फूल नसता रोप कोणाला ओळखू येत नाही, पण महिन्याभरात कळ्या धरतील. टांगेवाले राजमहंमद सांगून गेले, "भाऊ, त्यो दलाल टांगा ठरवत फिरतोय. मी न्हाई म्हनलो, दुसरा व्हय म्हनंल." सबब यंदा कळी दिसताच झुंबरबाईने खुडावी. एकही फुलू देऊ नये. हे मी लिहितो, ज्याने अकरा वर्षे दर हंगामी आमरीच्या फुलण्याची वाट पाहिली.

५. शिडी झुंबरबाईची, चढायला ती माझ्याआधी शिकली. वहीही तिलाच देणार होतो. तिला अक्षर येत नाही, म्हणून विचारले, बारा नंबर कुठे?

"नंबर मला न्हाई ठावं. तुमचा फेटा अडकलता त्या बेचक्यात. आनि तिच्याखाली येक बारकी हाय, ती तुमच्या वहीत न्हाई."

वही चाळली. खरेच नाही. म्हणजे पाच.

म्हणून वही माझ्याबरोबर चितेवर ठेवावी.

सही : हौशीराम कोंडाजी वाळंज
साक्षीदार : राजमहंमद टांगेवाले, लोणावळे (अंगठा), बजरंग गुरव, देवीचा पुजारी, औंढे
मुक्काम औंढे, ता. १२ मे १९३६

सह्यांनंतर भिमाजी म्हणाला, "दादा, त्यो दलाल किती देत व्हता ते तरी लिवा. लोकांना कळू द्या."

लिहितो. दलाल काल पुन्हा आला. या वेळी रोपे नाही, वही मागितली; पत्रे निघाल्यावर जागा फक्त तिच्यातच होत्या. मी अंथरुणावरूनच नको म्हणालो. देत होता : बंगल्यावर मुख्य माळ्याची कायमची जागा, आणि रोख रुपये साडेतीनशे.